फॉरेस्ट गावचा डोनाल्ड

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून एका वकिलानं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. लिओ कॅनर यांना तेहतीस पानांचं पत्र लिहिलं. पत्र होतं स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल. हाक मारली तर मुलगा वळून बघत नसे. आईबाप घरात आले काय, गेले काय, त्याला सोयरसुतक नसे. एकदा पुऱ्या वेशातला सांताक्लॉज समोर आणून उभा केला, तर त्याच्याकडेही त्यानं ढुंकून पाहिलं नाही. आणि हाच मुलगा अगदी लहान वयातच बायबलमधलं तेविसावं स्तोत्र आणि प्रेस्बिटेरियन पंथाच्या धर्मप्रश्नोत्तरावलीतले पंचवीस प्रश्न उत्तरांसकट धडाधड म्हणून दाखवत होता.

कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांवर निबंध छापला. ऑटिझम, म्हणजे आपण स्वमग्नता म्हणतो ती अवस्था, वैद्यकशास्त्रात वेगळी ओळखली जाऊ लागली ती या निबंधापासून, आणि त्यातला पहिला क्रमांक या मुलाचा आहे: डोनाल्ड टी. प्रश्नोत्तरांच्या पाठांतराला कॅनर यांनी फारसं महत्त्व दिलेलं नाही. एवढ्याशा पोराला त्यातलं काय कळणार. मोठ्या माणसाला निरर्थक अक्षरं घोकायला लावावीत तसलाच तो प्रकार, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणून ते बरोबरही असेल. पण मला त्या एका ओळीपुढे जाववत नाही. घरातल्या कुणाच्याही साध्या प्रश्नाला उत्तर न देणारा मुलगा धर्माच्या प्रश्नाला मात्र उत्तर देतो, हे नवल नाही तर काय?

धर्मप्रश्नोत्तरावली हा संवादाचा एक अजब नमुना आहे. विचारणाऱ्यानं काय विचारायचं ते ठरलेलं आणि सांगणाऱ्यानं काय सांगायचं तेही ठरलेलं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला नेमकं काय हवंय हे ताडावं लागत नाही. ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाला मात्र पन्नास उत्तरं असतात. कुठलं द्यायचं हे विचारणारा कोण, तो घाईत आहे की निवांत, खरंच विचारतोय की नुसता रामराम करतोय, यावर ठरतं. आपण हा हिशेब क्षणात करतो आणि केल्याचं आपल्याला कळतही नाही. डोनाल्डला तो जमत नव्हता, म्हणून त्यानं घरातच स्वतःची एक प्रश्नोत्तरावली तयार केली होती. कॅनर यांनी ती नोंदवून ठेवली आहे. दुपारची झोप झाली की तो आईला सांगे, तुला खाली उतरायचंय का, असं मला विचार. तिनं तस्संच विचारलं की पुढची आज्ञा होई: आता ‘बरं’ म्हण. आईनं ‘बरं’ म्हटलं की तो उतरे. आईचं वाक्यही त्याचंच, आपलंही त्याचंच. आपल्याला हा हट्ट वाटतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर निसटत्या जगात त्यानं बांधून घेतलेली ती एक पायरी होती.

असं का होतं याचा उलगडा करू पाहणारी एक कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुढे आली आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. आपला मेंदू जग पाहतो त्याहून जास्त जगाचा अंदाज बांधतो. पुढची पायरी किती उंच असेल, बोलणाऱ्याचं वाक्य कुठे संपेल, दार उघडल्यावर कसला आवाज येईल, हे तो सतत आधीच ठरवत असतो. अंदाज बरोबर निघाला की ती बातमी तो वरपर्यंत पाठवतच नाही. चुकला तरच आपलं लक्ष जातं. एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ साली असं मांडलं की स्वमग्न मेंदू जुन्या अनुभवावर कमी भिस्त ठेवतो, त्यामुळे जग त्याच्यापर्यंत अधिक कोरं, अधिक धारदार पोचतं. दोन वर्षांनी बेल्जियमच्या संशोधकांनी तेच दुसऱ्या टोकानं सांगितलं: हा मेंदू अंदाजातली प्रत्येक बारीक चूक गंभीरपणे घेतो. दोन्ही अजून सिद्धान्तच आहेत, त्यांच्यावर वाद चालू आहेत. पण त्या चष्म्यातून देवळाकडे किंवा चर्चकडे पाहिलं, की रोजचीच जागा अनोळखी दिसायला लागते.

धर्मानं काय काय ठरवून ठेवलंय बघा. वार ठरलेला, वेळ ठरलेली. कधी उठायचं, कधी बसायचं, कुठल्या शब्दाला सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली आणि मंत्रपुष्पांजलीनंतर प्रसाद, हा क्रम शंभर वर्षांत हललेला नसतो. बोलायचं काय हा प्रश्नच नाही. सगळे एकाच वेळी तेच बोलतात. चाल तीच, शब्द तेच. अंदाज चुकणं ज्या मेंदूला इतकं महागात पडतं, त्याच्यासाठी अशी दुसरी सार्वजनिक जागा शोधून सापडायची नाही.

आणि तरीही हीच माणसं तिथून सगळ्यात आधी बाहेर पडतात. अमेरिकेतल्या अँड्र्यू व्हाइटहेड या समाजशास्त्रज्ञानं मुलांच्या आरोग्याच्या तीन मोठ्या राष्ट्रीय पाहण्यांची आकडेवारी तपासून २०१८ साली निष्कर्ष छापले. दमा, मधुमेह, अपस्मार असलेली मुलं इतर मुलांइतकीच प्रार्थनेला जात होती. पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीत धर्मस्थळात कधीही न जाण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होती. लक्ष टिकत नाही किंवा वागणूक आवरत नाही असं निदान झालेल्या मुलांमध्येही ती वाढलेलीच होती. शरीराच्या आजारासाठी दार उघडं आणि बोलण्यावागण्यात वेगळेपण असेल तर बंद, असा तो नकाशा आहे. दाराशी कुणी अडवत नाही, हे खरं. पोर ओरडलं की मागे वळणारी चाळीस डोकी पुरेशी असतात. पुढच्या आठवड्यात आईबाप आपणहूनच घरी राहतात.

शब्द ठरलेले असले तरी ते जिथे उच्चारायचे ती खोली ठरलेली नसते, ही यातली मेख आहे. माइक मध्येच किंचाळतो. शेजारच्या बाईंचं अत्तर, बुक्का, कापूर. अचानक घंटा. ख्रिस्ती उपासनेत मध्येच एकमेकांना शांतीची खूण द्यायची वेळ येते आणि चारही बाजूंनी अनोळखी हात पुढे येतात. कॅलिफोर्नियातल्या शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली स्वमग्न मुलांच्या हाताला खरखरीत लोकर घासली, कानावर रहदारीचा आवाज सोडला आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते स्कॅनवर पाहिलं. पहिल्या खेपेला दचकणं सगळ्यांचंच. बहुतेक मुलांचा मेंदू पुढच्या खेपांना सरावत गेला. पण संवेदना ज्यांना फार टोचतात अशा स्वमग्न मुलांमध्ये भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग शांत व्हायला तयारच नव्हता. म्हणजे देवळात पाच मिनिटांनी आपल्याला घंटा ऐकू येईनाशी होते, पण त्या मुलाला दहावी घंटा पहिलीसारखीच लागते. कानावर हात घेऊन बसलेल्या त्या पोराला भक्ती नाही असं आपण म्हणतो तेव्हा आपण कशाबद्दल बोलतोय हे आपल्यालाच ठाऊक नसतं. धर्मस्थळ हे अशा मेंदूचं एकाच वेळी माहेरही आहे आणि सासुरवासही.

मग करायचं काय? याचं उत्तर संस्थांच्या अहवालांत शोधण्याआधी पुन्हा फॉरेस्टला जाऊ, कारण तिथल्या लोकांनी कुठलाही अहवाल न वाचता ते शोधलं होतं.

डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा. चार वर्षांचा व्हायच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं गेलं. त्या काळी हाच रिवाज होता: असं मूल संस्थेत द्या आणि विसरा. आईबापांनी साधारण वर्षभरानं, संस्थेचा विरोध असतानाही, त्याला परत आणलं. पुढे १९४२ पासून तीनेक वर्षं तो गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. लुईस त्यांचं आडनाव. मानसशास्त्राचं पुस्तक या दोघांनी उघडलं असेल असं वाटत नाही. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर तिथे जाऊन आले आणि जे पाहिलं त्यानं थक्क झाले.

डोनाल्डला मोजण्याचं वेड होतं. दिसेल ते मोजायचा. लुईसनं त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायचं काम दिलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर लुईसनं हातात नांगर दिला: मोज, पण नांगरता नांगरता मोज. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्यानं घोडा आणि नांगर सांभाळत सहा लांबलचक ओळी नांगरल्या, टोकाला घोडा वळवलासुद्धा. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायची त्याला खोड होती. लुईस जोडप्यानं त्यासाठी जमिनीचा एक तुकडा नेमून दिला आणि तिथे स्मशान करायला सांगितलं. डोनाल्डनं प्रत्येकाला मूठमाती दिली आणि वर पाटी लावली. पाटीवर एक माणसासारखं नाव, मधल्या नावाच्या जागी प्राण्याची जात आणि शेवटी आडनाव लुईस. जॉन स्नेल लुईस, म्हणजे लुईसांच्या घरची जॉन नावाची गोगलगाय. जन्मतारीख अज्ञात. मृत्यूची तारीख, ज्या दिवशी ती सापडली तो दिवस.

या पाट्यांकडे नीट बघा. ज्या मुलाला माणसांशी नातंच जोडता येत नाही अशी नोंद वैद्यकीय ग्रंथात झाली, त्यानं गोगलगायीला आपल्या पालक घराचं आडनाव दिलंय. अंत्यविधीची रीत उचलली, तिच्यातली प्रत्येक जागा भरली आणि ठाऊक नव्हतं तिथे प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहिलं. लुईसनं शिकवण्याची कुठलीही पद्धत वापरली नव्हती. त्यानं खोड मोडली नाही, तिला काम दिलं.

डोनाल्ड गावच्या शाळेत परतला, मॅट्रिकसारखी परीक्षा पास झाला आणि जॅक्सन शहरातल्या मिलसॅप्स या मेथडिस्ट पंथाच्या कॉलेजात गेला. १९५८ साली फ्रेंच घेऊन पदवीधर झाला. तिथे तो गायकवृंदात होता. वाद्याशिवाय गाणाऱ्या वृंदाला सुरुवातीचा सूर धरून द्यायला पिच पाइप नावाची छोटी पिपाणी वापरतात. त्या वृंदाच्या प्रमुखाला तिची गरजच पडत नसे. हवा तो सूर सांग म्हणायचं, डोनाल्ड तो अचूक लावून देई आणि बाकीचे त्याच्या सुरात सूर मिळवत. पुढे तो गावातल्या बँकेत लागला. बँक त्याच्या आईच्या घराण्यानं सुरू केलेली. सकाळी मित्रांबरोबर कॉफी, मग लांब फेरफटका, दुपारी दूरदर्शनवर ठरलेली मालिका, साडेचारला गोल्फ. माणसांना तो नावाऐवजी आकडे देई आणि एकदा दिलेला आकडा अनेक वर्षांनीही विसरत नसे. कुणाचा आकडा कुठून आला हे त्यालाही सांगता यायचं नाही. गावातल्यांनी तो सन्मान समजायचा असतो हे केव्हाच ठरवून टाकलं होतं. सुट्टी मिळाली की एकटाच जगप्रवासाला जाई. छत्तीस देश पाहिले त्यानं. 

जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर या दोन पत्रकारांनी २०१० साली ‘द अटलांटिक’ मासिकात त्याची कहाणी छापली, तेव्हा केस क्रमांक १ म्हणजे हा, हे जगाला कळलं. ते गावात चौकशी करत हिंडत होते तेव्हा निरनिराळ्या लोकांनी त्यांना जवळपास एकच दम भरला होता: डॉनला दुखावलंत तर तुमचा पत्ता आम्ही शोधून काढू.

त्यांनी डोनाल्डला एक जुनी दंतकथाही विचारली. शाळेत असताना पोरांनी त्याला शाळेच्या इमारतीच्या विटा मोजायला सांगितल्या होत्या. त्यानं नुसती नजर टाकली आणि आकडा सांगितला. तेव्हापासून गावात त्याच्या बुद्धीची ख्याती. खरंच मोजल्या होत्या का? डोनाल्ड म्हातारपणी सरळ म्हणाला की नाही, आकडा मनानंच ठोकून दिला होता; त्या मुलांचं आपल्याबद्दल चांगलं मत व्हावं म्हणून. ऑटिझमवरच्या जाड ग्रंथांतून मला जे उमगलं नव्हतं ते या कबुलीतून उमगलं. माणसं हवीच नसतात म्हणून ही मंडळी दूर बसतात, हा आपला समज किती कच्चा आहे! त्याला माणसं हवी होती. रस्ता तेवढा सापडत नव्हता, म्हणून त्यानं विटांचा रस्ता केला.

फॉरेस्टचा गोडवा गाताना एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. ट्रिपलेट कुटुंब श्रीमंत होतं, गोरं होतं आणि आईच्या माहेरची बँक होती. त्याच गावात त्याच वर्षांत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेचा उंबरा ओलांडता येत नव्हता. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत डोनाल्डसारखा मुलगा जन्मला असता, तर त्याच्या वाट्याला ना कॅनर आले असते ना गोल्फचं मैदान. गावाची माया खरी होती, पण तिला कुंपण होतं. धर्माच्या नावानं जमलेल्या बहुतेक समुदायांचं असंच असतं: आपल्यातला विक्षिप्त माणूस ‘आपला’ असतो, दुसऱ्याचा विक्षिप्त नुसताच विक्षिप्त.

दोन तऱ्हेच्या माणसांमधला हा रस्ता कुणी बांधायचा, याबद्दलचं शास्त्रही अलीकडे बदललं आहे. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी मुद्दा काढला की स्वमग्न माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? अडचण दोघांच्या मध्ये आहे, मग ती एकाच्याच नावावर का मांडायची? एडिनबरोच्या कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी २०२० साली हे खेळातून तपासलं. एकानं गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्यानं ती पुढच्याला सांगायची, असं करत आठव्यापर्यंत न्यायची. लहानपणी आपण कानगोष्टींचा खेळ खेळायचो तोच हा. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे इतर असलेल्या साखळीत. ती लवकर विटली ती मिश्र साखळीत. पुढे याहून मोठ्या गटावर प्रयोग झाला तेव्हा मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही. तिन्ही साखळ्या सारख्याच ठरल्या. पण दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली: स्वमग्न माणसं एकमेकांना नीट समजावून सांगू शकतात. संवादाची शक्तीच नाही हे जुनं गृहीतक त्यात गळून पडलं.

ही मंडळी धर्मात नवी आलेली नाहीत. लंडनच्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात असिसीच्या संत फ्रान्सिसचे सोबती ब्रदर ज्युनिपर यांची आठवण काढली आहे. एका आजारी साधूला डुकराच्या पायाचं कालवण खावंसं वाटलं. ज्युनिपर सुरी घेऊन रानात गेले, चरत्या डुकराचा पाय कापून आणला आणि शिजवून वाढला. मालक शिव्या देत आला, तर ज्युनिपरना त्याच्या रागाचं कारणच कळेना. इतकं चांगलं काम झालं म्हणून हा खूश कसा नाही? त्यांनी ती हकिकत त्याला पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच आनंदानं सांगितली. शेवटी मालकच विरघळला. असे ज्युनिपर रान भरून मिळावेत अशी इच्छा फ्रान्सिसनी बोलून दाखवल्याचं जुन्या चरित्रात आहे. (डुकराचं मत कुणी विचारलेलं नाही.) रशियातल्या ‘ख्रिस्ताच्या वेड्यां’चाही, म्हणजे ख्रिस्तासाठी वेडे ठरलेल्या साधूंचाही, उल्लेख फ्रिथ करतात. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कपाळावर आजचं निदान चिकटवणं मला पटत नाही. पण फ्रान्सिसच्या संघानं ज्युनिपरना हाकललं नाही आणि त्यांच्या गोष्टी लिहून ठेवल्या, याला निदान लागत नाही.

त्याच तेराव्या शतकात आपल्या विदर्भात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, गोविंदप्रभू होते. चक्रधरस्वामींचे गुरू, महानुभाव त्यांना परमेश्वराचा अवतार मानतात. त्यांचे चरित्रकार म्हाइंभट यांनी त्यांच्या तीनशेहून अधिक लीळा नोंदवल्या आहेत. त्यांत गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, हवं ते खातात, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जातात, लहान मुलासारखे खेळतात, मध्येच रागावतात, मध्येच हसतात. गावातले काही लोक त्यांना वेडा म्हणत, हेही ग्रंथात लपवलेलं नाही. श्रद्धेच्या जागी श्रद्धा ठेवून मी फक्त भोवतालच्या माणसांकडे पाहतो. चक्रधरांच्या पश्चात नागदेव, महदाइसा वगैरे शिष्य तिथे येऊन राहिले आणि त्यांनी अनेक वर्षं त्यांची सेवा केली. त्यांच्या न्हाण्याच्या, जेवणाच्या, झोपण्याच्या लहरी त्यांनी बारकाईनं पाहिल्या, त्यांच्याप्रमाणे आपला दिवस आखला आणि ते सगळं मराठी गद्यात उतरलं. मराठीतल्या आरंभीच्या गद्यग्रंथांपैकी एक आहे तो. आपल्या भाषेचं गद्य मुळाशी एका लोकविलक्षण माणसाला न सुधारता, नुसतं निरखून पाहण्यातून आलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता आजचं. इंग्लंडमधल्या चर्चच्या ऑक्सफर्ड धर्मप्रांतासाठी अ‍ॅन मेमॉट या स्वतः स्वमग्न असलेल्या सल्लागार बाईंनी एक मार्गदर्शिका लिहिली आहे. ती वाचताना जाणवतं ते तिचं साधेपण. झगझगणारे दिवे टाळा. आज काय काय होणार याचा क्रम आधी द्या, आणि दिलात तर तो पाळा. हस्तांदोलनाची सक्ती नको. असह्य झालं तर टेकायला शांत कोपरा ठेवा. बोलताना म्हणी आणि आडवळणं कमी, सूचना सरळ. अमेरिकेत काही कॅथलिक चर्चमध्ये दिवे मंद, संगीत हलकं आणि प्रवचन आखूड अशी वेगळी मिसा असते. चांगलीच सोय, पण वेगळी पंगत ती वेगळी पंगत, हे तिथले लोकही ओळखून आहेत. सगळ्यांच्याच पंगतीत आवाज थोडा खाली आणायला पैसे पडत नाहीत.

नुसत्या सोयीही पुरत नाहीत. लुईस जोडप्यानं आणि त्या गायकवृंदाच्या प्रमुखानं जे केलं ते सोयीच्या पलीकडचं होतं. त्यांनी असं काम दिलं की डोनाल्ड नसता तर अडलं असतं. देवळात अशा कामांना तोटा नाही. प्रसादाचे द्रोण मोजून लावणं, चपलांचे बिल्ले सांभाळणं, पालखीच्या वेळी ठरल्या ठिकाणी ठरलेला टोल देणं, भजनांचे क्रमांक फळ्यावर लिहिणं. ज्याला क्रम चुकलेला सोसत नाही त्याच्यासारखा माणूस या कामाला दुसरा कोण मिळणार?

ज्यांचं लक्ष एका जागी बसून टिकत नाही, त्यांच्यासाठी तर आपल्याकडे पूर्वापार एक रीत आहे. तासभर हलू नकोस म्हणून सांगणाऱ्या प्रवचनात ती मुलं कासावीस होतात. वारीत मात्र उपासना पायांनी होते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालायचं, टाळ हातात, पावली अंगात. दिंडीला क्रमांक आणि क्रमाला जागा. ज्ञानेश्वरांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि कोण कुणाच्या पुढे हे ठरलेलं असतं. वाटेतल्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हटलं की काम भागतं. नाव, गाव, नातं आठवावं लागत नाही. वारी काही मेंदूचं शास्त्र वाचून आखलेली नाही, आणि तिथला कोलाहल एखाद्या स्वमग्न माणसाला क्षणभरही सोसवणार नाही, हेही तितकंच खरं. एकाला मानवतं ते दुसऱ्याला डाचतं. म्हणून ज्याच्यासाठी सोय करायची त्याला, आणि तो बोलत नसेल तर त्याच्या घरच्यांना, आधी विचारलेलं बरं.

आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. स्वमग्नता त्यात आहे, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. पण देवस्थानानं दिव्यांगांसाठी काय केलं असं विचारलं, की रॅम्प आणि चाकाची खुर्ची एवढंच दाखवलं जातं. रॅम्प हवाच. त्याच्या शेजारी एक पाटीही लावता येईल.

तेव्हा विश्वस्त मंडळींना आणि गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. गर्दी सगळ्यात कमी कधी असते आणि नगारा, घंटा, स्पीकर कुठल्या तासाला बंद असतात, ते वेळापत्रक दारावर लावा. आरतीचा क्रम आणि तिला लागणारा वेळ त्याखाली लिहा. एखादं मूल कानावर हात ठेवून बसलं असेल तर त्याचे हात खाली ओढू नका, आणि त्याच्या आईकडे वळून पाहू नका. त्याला येतील अशी कामं कुठली, ते तिला विचारा आणि त्यातलं एक याच भाद्रपदात त्याच्या हाती द्या.